राजाचा देव आणि कोर्लईची बोली

वडखळला गोव्याचा रस्ता सोडून एसटी अलिबागकडे वळली की थोड्याच वेळात धरमतरचा पूल येतो. खाली अंबा नदी. पण इथवर येईस्तोवर तिच्यातली नदी संपलेली असते आणि खाडी सुरू झालेली असते. भरतीला गढूळ पाणी, ओहोटीला पाय रुतेल असा काळा चिखल, आणि एका अंगाला मालाचे बार्ज. कोकणात ‘तर’ म्हणजे होडीने खाडी उतरायची जागा. त्यामुळे धरमतर हे नाव दिसलं की मी मनातल्या मनात त्याची फोड करतो: धर्माची तर. व्युत्पत्तीच्या जाणकारांनी हे मनावर घेऊ नये, हा निव्वळ प्रवासातला चाळा. पण मागे एकदा याच पुलावर मोबाइलवर अमेरिकेतल्या ‘ख्रिस्ती राष्ट्रवादा’विषयी वाचत होतो, तेव्हा हा चाळा एकाएकी कामाला आला. राज्याच्या होडीत बसून आलेला धर्म, होडी परत गेल्यावर काय करतो? हा प्रश्न अमेरिकेत बसून सोडवायला अवघड आहे, कारण तिथे अजून होडीत कोणी बसायचं यावरच भांडण चाललंय. आपल्या रायगडात मात्र तो प्रयोग पुरा होऊन गेलाय. दोनशेहून जास्त वर्षं चालला, संपला, आणि त्याचं उत्तर आजही तासा-दीड तासाच्या वाटेवर एका गावात ऐकू येतं. अक्षरशः ऐकू येतं.

आधी तिकडचं भांडण थोडक्यात सांगतो. एका पक्षाचं म्हणणं असं, की अमेरिका हा देश ख्रिस्ती माणसांनी ख्रिस्ती देवाच्या भरवशावर उभा केला. तेव्हा त्याचे कायदे, त्याच्या शाळा, त्याचं सरकार यांवर त्याच धर्माची मोहोर हवी. दुसरा पक्ष त्यांच्यासमोर राज्यघटना ठेवतो. तिच्या प्रास्ताविकात देवाचं नावही नाही. १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने सरकारला कोणताही धर्म अधिकृत करायला मनाई केली. १७९७ मध्ये त्रिपोलीशी झालेल्या तहाच्या अकराव्या कलमात तर स्वच्छ लिहिलंय, की या देशाचं सरकार ख्रिस्ती धर्मावर उभारलेलं नाही. मग पहिला पक्ष खिशातून नोट काढतो. तिच्यावर देवावरच्या भरवशाचं वाक्य छापलेलं असतंच. नाण्यांवर ते १८६४ पासून आहे. पण राष्ट्राचं ब्रीद म्हणून त्याचा कायदा झाला १९५६ साली. आपल्याकडे भाषावार प्रांतरचना चालली होती, त्या वर्षी! शाळेतल्या ध्वजप्रतिज्ञेत देवाचा उल्लेख घातला गेला तोही १९५४ मध्ये, रशियाशी शीतयुद्ध ऐन भरात असताना. वाडवडलांपासून चालत आलंय म्हणून जे दाखवलं जातं, ते पुष्कळदा आपल्या आजोबांपेक्षा लहान असतं.

असो. एसटी पुढे गेलेली आहे.

पोयनाड, अलिबाग, नागाव, चौल, आणि मग रेवदंडा. इथे दुसरी नदी समुद्राला मिळते, रोह्याहून आलेली कुंडलिका. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून डोकावणारा एक उंच, पडका मनोरा लांबूनच दिसतो. लोक त्याला सातखणी म्हणतात. तो सेंट बार्बाराच्या चर्चचा मनोरा. गावाभोवती तट आहे, तटाला दरवाजे आहेत. ज्या चौल बंदरासाठी हा तट उठला त्याच्या तोंडाशी मार्च १५०८ मध्ये इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आणि गुजरातचं आरमार एका बाजूला आणि पोर्तुगीज दुसऱ्या बाजूला अशी लढाई झाली. पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मेदा याचा तरणा मुलगा लोरेन्सु तिथे पडला. १५२१ मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडून पोर्तुगीजांनी किल्ल्यासाठी परवानगी मिळवली, आणि खाडीच्या या काठावर एक चिमुकलं पोर्तुगाल वसलं. पलीकडच्या काठावर, समुद्रात घुसलेल्या लांबट डोंगरावर, निजामशहाचा किल्ला होता. तोही त्यांनी १५९४ मध्ये घेतला. त्या डोंगराच्या पायथ्याचं गाव म्हणजे कोर्लई.

या राज्याचं यंत्र कसं चालत होतं, ते पाहण्यासारखं आहे. आपल्याला ‘वतन’ हा शब्द ठाऊक आहे. गाव राखायचं, सारा गोळा करायचा, आणि त्याबद्दल मानपान, हक्क, पहिला विडा. पोपने पोर्तुगालच्या राजाला असंच एक अवाढव्य वतन दिलं होतं. त्याचं नाव पाद्रुआदो. पंधराव्या शतकात पोपच्या आज्ञापत्रांनी नव्याने सापडणाऱ्या मुलखांवरचा हक्क पोर्तुगालच्या पदरात टाकला; १४९४ च्या तोर्देसिलासच्या तहात तर स्पेन आणि पोर्तुगालने समुद्रावर एक उभी रेघ मारून उरलेलं जग आपसात वाटून घेतलं. पूर्वेकडचा वाटा पोर्तुगालचा. या मुलखात धर्म पसरवायचा, पाद्र्यांना जहाजात जागा द्यायची, त्यांचा पगार भागवायचा, चर्च बांधायची हे राजाचं काम. त्याबद्दल बिशप कोण व्हावा हे सुचवण्याचा हक्क राजाचा. म्हणजे चर्चच्या देवघरातला दिवा राजाच्या तेलावर जळायचा, आणि तेल कुणाचं हे दिवा कधी विसरू शकत नव्हता.

युरोपातही तेव्हा हीच हवा होती. १५५५ मध्ये आउग्सबुर्गला तह झाला, त्याचं सूत्र पुढे असं सांगितलं जाऊ लागलं: ज्याचं राज्य, त्याचा धर्म. प्रजेने राजाचा देव मानायचा, पटत नसेल तर बिऱ्हाड उचलायचं. गोव्यात हे सूत्र कायदा होऊन उतरलं. १५४० नंतर देवळं पाडली गेली, देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळलं. १५५९ च्या हुकमाने बाप वारलेली हिंदू मुलं ख्रिस्ती वाढवण्यासाठी ताब्यात घ्यायची सोय झाली. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, आलं; ते मधली चार वर्षं सोडता १८१२ पर्यंत राहिलं. रेवदंड्यात हे सारं जसंच्या तसं चालवणं शक्य नव्हतं. तटाच्या बाहेर पाऊल टाकलं की निजामशाही लागत होती आणि बाजारपेठ हिंदू-मुसलमान व्यापाऱ्यांवर चालत होती. धर्माचा आवेश आणि जकातीचं उत्पन्न यांची गाठ पडली की कोण माघार घेतं, हे सगळ्याच काळात सारखं असतं.

याच काळातली एक गोष्ट माझा पिच्छा सोडत नाही. गार्सिया द ओर्ता नावाचा वैद्य १५३४ मध्ये पोर्तुगालहून आला. चौलला किल्ल्याची परवानगी देणारा तोच बुऱ्हाण निजामशहा त्याचा रोगी. अहमदनगरच्या दरबारात ओर्ताची ऊठबस होती. मुंबई बेट त्याने पोर्तुगीज सरकारकडून खंडाने घेतलं होतं. इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने संवादांच्या रूपात पुस्तक लिहिलं. ते १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं आणि युरोपभर वाचलं गेलं. आंबा, फणस, हिंग, कापूर यांविषयी युरोपला नीट माहिती मिळाली ती त्यातून. १५६८ मध्ये तो वारला, मोठ्या मानाने. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जाळलं. गुन्हा हा, की बाहेरून ख्रिस्ती असलेलं हे घर आतून यहुदी होतं. आणि १५८० मध्ये, मरून बारा वर्षं झालेल्या ओर्ताची हाडं उकरून काढून तीही जाळण्यात आली. ज्या राज्याला आपल्या सर्वोत्तम वैद्याची हाडं सहन होत नाहीत, त्याच्या श्रद्धेत काहीतरी फार घाबरलेलं असणार.

आता नकाशा उघडा आणि याच खाड्यांच्या काठांवरची गावं पाहा. पेण, रोहा, नागाव, चौल. बेने इस्रायल लोकांची आडनावं याच गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, नागावकर, चेऊलकर. हे यहुदी. त्यांच्या परंपरेप्रमाणे गलबत फुटून त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला किनाऱ्याला लागले. त्यांचे बाहेरच्यांनी केलेले लेखी उल्लेख अठराव्या शतकातले, पण तोवर ते इतके मुरलेले होते की घाण्यावर तेल काढत, मराठी बोलत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. गावाने त्यांना काय केलं? नाव ठेवलं. शनिवार तेली. झालं! एवढ्यावर प्रकरण मिटलं. पेण, अलिबाग, रेवदंडा इथे त्यांची सिनेगॉग आहेत. ज्या श्रद्धेसाठी गोव्यात कातारिनाला जाळलं, तीच श्रद्धा या किनाऱ्यावर शनिवारच्या सुट्टीइतकी साधी झालेली होती. आपला समाज फार उदार होता असं मी म्हणणार नाही. जातीची चौकट एवढी पक्की होती की आणखी एक चौकोन आखायला कुणाला त्रास झाला नाही, हे जास्त खरं. पण त्या चौकोनात माणूस जिवंत राहिला.

आणि मग १६८३ साल. संभाजी महाराजांच्या फौजांनी चौलला वेढा घातला आणि हिवाळ्यात खुद्द गोव्यावर चाल केली. जुन्या गोव्यात घबराट. व्हाइसरॉय होता कोंदि द आल्वोर. त्याने काय करावं? तो बॉम जेझूच्या चर्चमध्ये गेला, सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली, आणि आपल्या अधिकाराची काठी संताच्या देहापाशी ठेवून म्हणाला की आता हे राज्य तुम्हीच सांभाळा. मोगलांची फौज कोकणात उतरल्याची बातमी आली आणि मराठे माघारी फिरले. तेव्हापासून गोव्याचे गव्हर्नर अधिकारसूत्रं घेताना ती काठी संतापाशी जाऊन घेऊ लागले. राजा आणि देव यांच्यामधली रेघ पुसायची तर किती पुसावी? इथे शवपेटीतला संतच कारभारी झाला. याउलट १६४४ मध्ये, याच शतकात, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडचा रॉजर विल्यम्स नावाचा कडवा धर्मोपदेशक लिहीत होता की श्रद्धेची बाग आणि जगाचं रान यांच्यामध्ये भिंत हवी. गंमत अशी, की ही भिंत त्याला सरकारला धर्मापासून वाचवायला नको होती. त्याला बाग वाचवायची होती.

संभाजी महाराजांचा हिसका बसल्यावर त्याच व्हाइसरॉयने जून १६८४ मध्ये आणखी एक हुकूम काढला. गोव्यातल्या लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं, मुदत तीन वर्षं. राजा एक, देव एक, तर जीभ दोन कशाला? हा हुकूम लक्षात ठेवा. त्याचं काय झालं ते सांगतो, पण त्याआधी पंचावन्न वर्षांनंतरची दुसरी गोष्ट सांगायला हवी.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पुढच्या वर्षीच्या तहात चौल आणि कोर्लईही मराठ्यांकडे आले. दोनशे एकोणीस वर्षांचं राज्य आटोपलं. फिरंगी कुटुंबं, पाद्री, सैनिक जहाजांत बसून गोव्याला गेले. वसईच्या मुलखातल्या चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी विजयाची खूण म्हणून आणल्या आणि देवळांत टांगल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा १७०७ सालची, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळाची १७२१ सालची. तिच्यावरची अक्षरं रोमन, पण तिला आता सारे ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. गोदावरीला पूर आला की पाणी कुठवर चढलंय हे नाशिककर त्या देवळावरून जोखतात.

कोर्लईत मात्र घंटेपेक्षा विलक्षण गोष्ट मागे राहिली. माणसं राहिली. तटाच्या आतली मोठी माणसं गेली. राहिले ते नोकर, मजूर, शिपाई, कधीकाळी बाप्तिस्मा घेतलेल्या इथल्याच माणसांची आणि फिरंगी शिपायांची मिश्र मुलंबाळं. त्यांना गोव्याच्या जहाजात कोण जागा देणार? ती कोर्लईच्या डोंगराखाली, दर्याच्या कडेला राहिली. आणि ती घरात पोर्तुगीजच बोलत राहिली. १७४० नंतर, राजाशी संबंध तुटल्यावर, शाळा नाही, कचेरी नाही, हुकूम नाही, तरी आज पावणेतीनशे वर्षांनंतर कोर्लईतली हजाराच्या आतबाहेर माणसं ती बोली बोलतात. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. साळावचा पूल ओलांडून गावात गेलात आणि चर्चच्या वाडीत शिरलात, तर मासळी निवडणाऱ्या बायकांच्या तोंडून ती कानावर पडते. पहिल्यांदा वाटतं मराठीच आहे, फक्त आपल्याला आज कान नीट लागत नाहीत. वाक्याचा हेल आपला, शब्द मात्र एकही ओळखीचा नाही.

हे असं का वाटतं याचं उत्तर व्याकरणात आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीचा बारकाईने अभ्यास केला. १९९६ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. पोर्तुगीजमध्ये क्रियापद वाक्याच्या मध्ये येतं: मी खातो भात. कोर्लईच्या बोलीत ते मराठीसारखं शेवटी जाऊन बसलंय. पोर्तुगीजमध्ये ‘घरात’ म्हणायचं तर आधी ‘त’ आणि मग ‘घर’; इथे आधी घर आणि मग त्याला चिकटणारा शब्द, आपल्यासारखा. विटा लिस्बनच्या आणि बांधणी कोकणी! शेजारी मराठी, बाजार मराठी, तलाठी मराठी. पिढ्यान् पिढ्या दोन भाषा एका डोक्यात नांदल्या आणि एकीने दुसरीला आपली चाल शिकवली.

आणि आता तो १६८४ चा हुकूम. जिथे व्हाइसरॉय होता, तुरुंग होता, इन्क्विझिशन होतं, जिथे तीन वर्षांत पोर्तुगीज बोला म्हणून बजावलं होतं, त्या गोव्यात कोकणी ठणठणीत राहिली. आज ती राज्यभाषा आहे. आणि जिथे बजावणारा कुणीच उरला नव्हता, त्या कोर्लईत पोर्तुगीजची लेक नांदते आहे. गोव्यात कोकणी बोलणारे लाखो होते, हुकूम त्यांच्या पाण्यात बुडाला. कोर्लईत मूठभर माणसं, आपसातच लग्नं करणारी, कारण शेजारी हिंदू त्यांच्याशी सोयरीक करणार नाही आणि ते शेजाऱ्याशी. वाडी हेच त्यांचं राष्ट्र. पुन्हा तीच जातीची चौकट, जिने बेने इस्रायलांना शनिवार राखू दिला. राजाला तलवारीने जे साधलं नाही, ते रोटीबेटीच्या नियमाने फुकटात केलं. मला हे सुखाचं वाटत नाही, पण नवलाचं नक्की वाटतं.

होडी परत गेली, उतारू काठावर राहिले. त्यांचं पुढे काय झालं, ही कथा मुंबईकडे जाते, आणि इथे ती जरा विनोदी होते. १६६१ मध्ये मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली. बेटावरचे कॅथलिक आता प्रोटेस्टंट ईस्ट इंडिया कंपनीची प्रजा, पण त्यांचे पाद्री पोर्तुगालच्या राजाचे नेमलेले. कंपनीला हे खुपायचं. १७२० मध्ये तिने पोर्तुगीज पाद्र्यांना घालवलं आणि थेट पोपच्या खात्यातले कार्मेलाइट पाद्री बोलावले. पुढे मन बदललं, पोर्तुगीजांना परत आणलं. मग भक्तांत दोन तट पडले, तेव्हा १७९४ मध्ये कंपनीने चर्च दोन पक्षांत चक्क वाटून दिली. मिरी आणि कापड खरेदी करायला आलेल्या प्रोटेस्टंट व्यापाऱ्यांनी कॅथलिकांच्या देवघरांची वाटणी करावी, याहून मोठा विनोद पाद्रुआदोच्या इतिहासात नाही. दरम्यान १७८७ मध्ये गोव्यात पिंटो घराण्यातल्या पाद्र्यांच्या पुढाकाराने पोर्तुगीजांविरुद्ध कट शिजला होता. धर्म एक असूनही बढती गोऱ्यांनाच का, हा त्यांचा प्रश्न. राजाचा देव मानला म्हणून राजाच्या पंगतीत पाट मिळतो असं नाही, हे गोव्याच्या पाद्र्यांना अमेरिकेतल्या कुणाहीपेक्षा आधी कळलं.

मुंबई-ठाणे-वसईकडच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, आपल्याला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घ्यायला सुरुवात केली. गोव्याहून नोकरीला येणाऱ्यांपेक्षा आपण वेगळे, या मातीतले, हे कंपनीला, म्हणजे एव्हाना सरकारला, कळावं म्हणून. पोर्तुगीज आडनाव, इंग्रज कंपनीचं नाव, आणि लग्नात उंबराचं पाणी.

या समाजात १८६४ मध्ये माझगावच्या माथारपाखाडीत जोसेफ बाप्टिस्टा जन्मले. लोक त्यांना काका म्हणत. पुण्यात शिकले, केंब्रिजला गेले, बॅरिस्टर झाले, आणि लोकमान्य टिळकांच्या इतके जवळ आले की १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा अध्यक्ष बाप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर. लोकमान्यांच्या खटल्यांत ते वकील, कामगारांच्या संघटनेत पुढे, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. माझगावच्या टेकडीवरच्या बागेला आज त्यांचं नाव आहे. थांबून विचार करण्याजोगी गोष्ट ही आहे. टिळकांच्या राजकारणात गणपती होता, शिवाजी होते. धर्माला राजकारणाच्या मांडवात आणल्याबद्दल त्यांच्यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. त्या मांडवात एक जन्मभर रविवारी चर्चला जाणारा माणूस स्वराज्याची घोषणा देत उभा होता. ‘ख्रिस्ती राष्ट्रवादी’ हा शब्द आपल्याकडे कुणाला लावायचा झाला तर तो पहिल्यांदा काकांना लावावा लागेल, आणि लावताच त्याचा अर्थ अमेरिकेतल्यापेक्षा नेमका उलटा होईल: राष्ट्र ख्रिस्ती व्हावं असं नव्हे, तर ख्रिस्ती माणूस राष्ट्राचा व्हावा. (१८०२ मध्ये जेफर्सनने धर्म आणि राज्य यांच्यातल्या भिंतीविषयीचं ते प्रसिद्ध पत्र लिहिलं ते डॅनबरीच्या बाप्टिस्ट पंथीयांना. नावांचा योगायोग आहे, दुसरं काही नाही, पण मला तो आवडतो.) त्याच सुमारास नगरकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक अभंगांतून ख्रिस्त गात होते, १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगारही सोडला. परक्याच्या तेलावरचा दिवा त्यांना नको होता.

पुढचं घटना समितीत घडलं. मुसलमानांप्रमाणे ख्रिस्त्यांनाही राखीव जागा हव्यात का, असा प्रश्न होता. समितीचे उपाध्यक्ष एच. सी. मुखर्जी स्वतः ख्रिस्ती. अशा जागांमुळे अल्पसंख्य कायमचे वेगळे पडतात, असं त्यांचं मत. मे १९४९ मध्ये धर्मावर आधारलेल्या राखीव जागा रद्द ठरल्या. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला हरी विष्णू कामत उठले आणि म्हणाले की उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावाने करू या. सदस्यांत चुळबुळ झाली, कुणी म्हणालं देवाला मताला टाकू नका. टाकावं लागलं. बाजूने ४१, विरोधात ६८. ज्या देशात मोटार घेतली तरी लिंबू-नारळ होतो, तिथे देव मतदानात हरला! विरोधात हात वर करणाऱ्यांत देवपूजा करून आलेले कितीतरी असणार. आपला देव आपल्या घरी नीट आहे, त्याला सरकारी कागदावर सही करायला कशाला बोलवायचं, असं काहीसं त्यांच्या मनात असावं.

आणि पाद्रुआदो? ते वतन कधी बुडालं असेल, असा अंदाज मी एकदा मित्रमंडळीत विचारून पाहिला. कुणी १७४० म्हणालं, कुणी १८१८. पोर्तुगालनेच १९१० मध्ये राजा हाकलला आणि पुढच्या वर्षी धर्म-राज्य फारकतीचा कायदा केला. गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले ते या निधर्मी प्रजासत्ताकाकडून. म्हणजे तरी १९११ ला संपलं असेल? नाही. १९२८ मध्ये करार झाला की मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असावा. त्याप्रमाणे १९३७ मध्ये लिव्हरपूलचे थॉमस रॉबर्ट्स आले. त्यांना हा खेळ पटला नाही. १९४६ मध्ये कारभार आपले भारतीय सहायक व्हॅलेरियन ग्रेशस यांच्या हाती देऊन ते मुंबईबाहेर राहिले, आपल्यानंतर इथलाच माणूस यावा म्हणून. देश स्वतंत्र झाला, गांधी गेले, घटना लागू झाली, २६ जानेवारी आली आणि गेली, तरी मुंबईच्या आर्चबिशपच्या नेमणुकीत पोर्तुगालच्या राष्ट्राध्यक्षांचा कागदोपत्री शब्द शिल्लक होता. १८ जुलै १९५० रोजी व्हॅटिकन आणि पोर्तुगाल यांच्यातल्या करारात तो सुटला. डिसेंबरात ग्रेशस आर्चबिशप झाले; दोन वर्षांनी ते पहिले भारतीय कार्डिनल.

पंधराव्या शतकात पोपने दिलेली सनद विसाव्या शतकाच्या मध्यावर, प्रजासत्ताक भारतात, फाडली गेली. आणि या साऱ्या कागदांच्या पसाऱ्यात कोर्लईला कुणी काही विचारलं नव्हतं. तिथे प्रार्थनेत आणि प्रवचनात पोर्तुगीज चालत होती. मग १९६० च्या दशकात व्हॅटिकनच्या परिषदेने ठरवलं की मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लोकांच्या भाषेत व्हावी. कोर्लईच्या लोकांची भाषा कोणती? कागदावर उत्तर सोपं होतं. रायगड जिल्हा, तेव्हाचा कुलाबा, भाषा मराठी. त्यामुळे रविवारी सकाळी डोंगराखालच्या त्या चर्चमध्ये देवाशी बोलणं मराठीत होतं, आणि घरी आल्यावर कालवणात मीठ कमी का पडलं, यावरून कुरकुर होते ती राजाच्या भाषेत.